जुन्या पिकअपची टाकी हलवायची, तर खर्च किती?

पेडणे-डिचोली भागात जुन्या जीप-पिकअपची पेट्रोलची टाकी सीटखालून काढून मागे चेसिसमध्ये बसवायची असेल, तर साध्या लोखंडी टाकीसाठी ३०,००० रुपये बाजूला ठेवावेत. स्टेनलेस स्टीलची हवी असेल तर ४०,०००. जीएसटी वेगळा. हे ढोबळ अंदाज आहेत. गॅरेज, गाडीची अवस्था आणि मालकाचा आग्रह यांनुसार ते पाचेक हजारांनी खालीवर होतील. पण बोलणी करताना पहिल्यांदा कानावर पडतो तो आकडा असतो सात-आठ हजारांचा, आणि तो फक्त टाकीचा असतो. टाकी हा या कामातला फक्त एक भाग आहे. ती जिथे बसते ती जागा, तिच्यात पेट्रोल ओतण्याची वाट, तिच्यातून हवा बाहेर पडण्याची वाट, इंजिनापर्यंतची नळी आणि हे सगळं करताना आग लागू नये म्हणून घ्यायची काळजी, यांतच बाकीचे पैसे जातात, आणि ते जायलाच हवेत.

आधी टाकी तिथे का आहे ते पाहू. महिंद्राने १९४७ पासून मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली. त्या जीपच्या मूळ लष्करी रचनेत टाकी चालकाच्या सीटखाली होती, आणि पुढच्या सीजे मालिकेतल्या सुरुवातीच्या मॉडेलांतही ती तिथेच राहिली. या सीजेंत क्षमता साडेदहा अमेरिकन गॅलन, म्हणजे जवळपास ४० लिटर. अमेरिकन शेव्हर्ले आणि फोर्ड पिकअपमध्ये तर १९७२ पर्यंतच्या मॉडेलांत टाकी कॅबिनच्या आत, सीटच्या पाठीमागे उभी असे. गोव्यात जुन्या जीडी नंबरची जी वाहनं अजून कुणाच्या तरी मांगरात किंवा माडाखाली उभी आहेत, त्यांत या दोन्ही रचना सापडू शकतात. धातूच्या पेटीत पेट्रोल, त्यावर गादी आणि गादीवर माणूस, ही मांडणी त्या काळी सर्वमान्य होती. आज ती नकोशी वाटते, आणि ते बरोबरच आहे.

तरी वर्कशॉपची पायरी चढण्याआधी एक गोष्ट तपासा. टाकी हलवायला आलेल्या पुष्कळ लोकांची खरी तक्रार असते ती कॅबिनमधल्या वासाची. हा वास बहुतेक वेळा चार ठिकाणांहून येतो: झाकणाचं वाळलेलं रबर, फ्लोटच्या युनिटखालचा बुचाचा गॅस्केट, तोंडाच्या नळीचा तडकलेला रबरी तुकडा आणि बुजलेली हवेची वाट. चारही गोष्टी नव्या घातल्या तरी खर्च हजार-दीड हजाराच्या पुढे जात नाही. टाकीचा तळच गंजलेला असेल तर मूळ मापाची नवी तयार टाकी जुन्या जीपच्या सुट्या भागांच्या व्यापाऱ्यांकडे मिळते. हरयाणातलं मंडी डबवाली या धंद्यासाठी प्रसिद्ध आहे आणि तिथला माल देशभर जातो. आणून बसवून ती पाच-सात हजारांत होते. गाडी आठवड्यातून एकदा बाजारात जाणारी असेल, मूळ रूप जपायचं असेल, तर मी हाच मार्ग सुचवीन. सीटखाली पेट्रोल नकोच असेल, मोठी टाकी हवी असेल किंवा सीटखालचा पत्राच गंजून संपला असेल, तरच पुढे जा.

टाकी कुठे नेता, यावर जिवाचा प्रश्न अवलंबून आहे. अमेरिकेत हा धडा फार महागात शिकला गेला. जनरल मोटर्सने १९७३ पासून आपल्या पिकअपची टाकी कॅबिनमधून बाहेर काढली खरी, पण ती चेसिसच्या दांड्यांच्या बाहेरच्या अंगाला लटकवली. बाजूने धडक बसली की पहिला मार टाकीवर. आगीच्या अपघातांवरून वर्षानुवर्षं खटले चालले आणि १९९४ मध्ये सरकारशी तडजोड करताना कंपनीला सुरक्षा कार्यक्रमांसाठी पाच कोटी डॉलरहून अधिक रक्कम मान्य करावी लागली. फोर्ड पिंटो या मोटारीत टाकी मागच्या अॅक्सल आणि बंपरच्या मधल्या अरुंद जागेत होती. १९७८ मध्ये त्या गाड्या मोठ्या संख्येने परत बोलवाव्या लागल्या. म्हणजे बाजूला नको आणि अगदी शेपटाकडेही नको. लांब व्हीलबेसच्या पिकअपमध्ये चेसिसच्या दोन दांड्यांच्या आत, मागच्या अॅक्सलच्या पुढे, प्रोपेलर शाफ्टच्या एका अंगाला जागा निघत असेल तर ती पहिली पसंती. आखूड गाडीत ती निघत नाही. मग अॅक्सलच्या मागे, पण दांड्यांच्या आत, शेवटच्या आडव्या पट्टीपासून शक्य तितकी पुढे आणि चेसिसच्या खालच्या पातळीपेक्षा वर. पेडण्यातल्या तांबड्या कच्च्या वाटांवर मागून लोंबणारी टाकी पहिल्याच उंचवट्याला घासते.

जागा ठरवताना गाडी रिकामी उभी करून माप घेऊ नका. हौद्यात वजन टाका, पाटे दबू द्या, मग अॅक्सल किती वर येतो ते पाहा. सायलेन्सर ज्या बाजूला आहे त्याच्या विरुद्ध बाजूला टाकी. तसं जमत नसेल तर मध्ये पत्र्याचा उष्णतारोधक पडदा हवाच.

आता टाकी. ७० सेंमी लांब, ३५ रुंद आणि १८ उंच अशी पेटी घेतली तर ती ४४ लिटरची होते. वर फुगायला थोडी जागा सोडली तर ४० लिटर वापरता येतं. भरलेल्या पेट्रोलचं वजन साधारण ३० किलो. या पेटीला आतल्या दोन आडव्या पडद्यांसह सुमारे एक चौरस मीटर पत्रा लागतो. हे पडदे वळणावर पेट्रोल एका अंगाला धावू नये म्हणून असतात आणि ते वगळून देणाऱ्या कारागिराकडे काम देऊ नये. १६ गेजच्या, म्हणजे १.६ मिमी जाडीच्या साध्या लोखंडी पत्र्यात हे १२-१३ किलो होतं. वाया जाणारं धरून १५ किलो. किलोला ८०-९० रुपये धरले तरी पत्रा तेराशे रुपयांच्या आसपास. स्टेनलेस ३०४ मध्ये तोच हिशेब साडेतीन हजारांच्या पुढेमागे जातो. तयार टाकीचे मात्र लोखंडात ८,००० आणि स्टेनलेसमध्ये १६,००० पडतात, कारण मधला सगळा पैसा वाकवण्याचा, आर्गन वेल्डिंगचा आणि तपासणीचा आहे. म्हणून दोनशे रुपयांचा पत्रा वाचवायला पातळ गेज घेण्यात काही अर्थ नाही.

गॅल्व्हनाइज्ड पत्रा कुणी सुचवला तर नम्रपणे नकार द्या. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलात आणि डिझेलमध्येही जस्ताचा थर टिकत नाही. त्यातून निघालेला गाळ फिल्टरमध्ये बसतो, शिवाय वेल्डिंग करताना निघणारा धूर कारागिराच्या छातीला घातक. अॅल्युमिनियम हलकं आणि देखणं असतं, पण मोरजी, मांद्रे, हरमल, केरी या पट्ट्यातल्या खाऱ्या वाऱ्यात ते लोखंडी पट्ट्यांना टेकलं की टेकल्या जागी खायला लागतं. किनाऱ्यावरच्या गाडीला माझी शिफारस स्टेनलेसची आहे. डिचोलीकडे प्रश्न वेगळा. पाळी, वेळगे, सुर्ला, कुडणे भागात खनिजाची धूळ आणि पावसाळी चिखल टाकीच्या माथ्यावर आणि पट्ट्यांखाली चिकटून बसतो आणि महिनोन्महिने ओला राहतो. तिथे साधी लोखंडी टाकीही चालते, मात्र पट्टीखाली पाणी न शोषणारं रबर हवं, माथ्यावर चिखल साचणार नाही असा उतार हवा आणि तळाला पाणी काढायचा बोल्ट हवा.

हा तळाचा बोल्ट पूर्वी सोय होती, आता गरज झाली आहे. देशात फेब्रुवारी २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं आणि आता ते सर्रास मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. आपल्याकडचे पावसाचे चार महिने आणि महिना महिना उभी राहणारी हौशी गाडी, यांत पाणी तळाला बसणार आणि गंज तिथूनच सुरू होणार. जुन्या रबरी नळ्याही याच पेट्रोलात फुगतात आणि चिरतात. म्हणून टाकी हलवताना सगळ्या नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्याच घ्याव्यात. नळीवर तसा छाप असतो, तो वाचून घ्या. फरक मीटरमागे शे-दोनशे रुपयांचा आहे.

टाकीभोवतीच्या कामात सगळ्यात जास्त चुका होतात त्या पेट्रोल ओतण्याच्या वाटेत. टाकी मागे गेली की तोंड हौद्याच्या बाजूच्या पत्र्यातून बाहेर काढावं लागतं. नळी निदान दोन इंची हवी आणि सबंध लांबीत उतार हवा. मध्ये कुठे ती सपाट झाली की पंपावर नोझल दर दोन सेकंदांनी बंद पडतं. तिच्या शेजारून अर्ध्या इंचाची हवेची नळी परत तोंडापर्यंत यायला हवी. याखेरीज टाकीचा श्वास घेण्याची वेगळी वाट असते. ती उंच नेऊन, उलटल्यावर बंद होणाऱ्या छोट्या व्हॉल्व्हसह सोडावी, हौद्यात कधीच नाही. हौद्यात नारळ, सिमेंट काहीही भरलं जातं आणि वाफ त्याच्याखाली कोंडते. आणि एक बारीकशी तार: तोंडाची धातूची नळी रबराने जोडली की ती चेसिसपासून तुटते, पेट्रोल ओतताना तिच्यावर स्थिर वीज साचू शकते. तोंडापासून चेसिसपर्यंत अर्थिंगची तार हवीच. पन्नास रुपयांचं काम आहे, आणि ते झालं का हे स्वतः पाहा. तोंड, झाकण, नळ्या आणि व्हॉल्व्ह मिळून ३,५०० रुपये धरा.

काटा आणि फ्लोट जोडीनेच घ्यावा. जुन्या अमेरिकन पद्धतीचा फ्लोट साधारण २४० ते ३३ ओहम दाखवतो, युरोपीय पद्धतीचा १० ते १८०. एकाचा फ्लोट आणि दुसऱ्याचा काटा लावला की टाकी भरलेली असताना काटा रिकामी सांगतो. टाकीची उंची १८ सेंमी असेल तर फ्लोटचा दांडाही त्या मापाचा हवा. जोडीचे २,०००.

इंजिनाकडची नळी आठ मिमीची. सायलेन्सरपासून दूर, दर फूटभर अंतरावर क्लिपा, चेसिसच्या आतल्या अंगाने. फिल्टर आणि क्लॅम्पसह २,५०० रुपये. गाडीत डिझेल इंजिन चढवलेलं असेल तर परतीची दुसरी नळी लागते आणि तांब्याची नळी टाळावी, कारण तांब्यामुळे डिझेल लवकर खराब होतं. पेट्रोल गाडीत टाकी मागे गेली म्हणून इलेक्ट्रिक पंप लागतोच, असं सांगितलं जातं. ते खरं नाही. त्याच घराण्याच्या चार सिलिंडर इंजिनाच्या विलीज स्टेशन वॅगनमध्ये टाकी मागेच होती आणि इंजिनावरचा यांत्रिक पंपच ती ओढत असे. आधी आहे त्या पंपाचा पडदा नवा घाला आणि चालवून पाहा. इलेक्ट्रिक पंप घ्यायचाच झाला तर तीन पीएसआयच्या आसपास दाब देणारा, कार्ब्युरेटरसाठीचा घ्या, आणि धडक बसली की वीज तोडणाऱ्या स्विचसह. रिले, फ्यूज धरून चार हजार वेगळे.

आता ज्या गोष्टीत एक रुपयाही वाचवू नये ती. जुनी टाकी रिकामी केली की ती निर्धोक झाली असं समजलं जातं. उलट आहे. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त घातक, कारण तिच्यात वाफ आणि हवा एकत्र असतात. हवेत पेट्रोलची वाफ दीड ते साडेसात टक्क्यांच्या दरम्यान असली की ठिणगीला स्फोट होतो. डिचोलीतल्या कारागिरांचा हात खाणीच्या टिपरांवर बसलेला आहे. चेसिस, ब्रॅकेट, पट्ट्या यांत त्यांना तोड नाही. पण ते सगळं शिक्षण डिझेलवरचं. भारतीय मानकानुसार डिझेलची वाफ पेट घेण्याजोगी होण्याचं किमान तापमान ३५ अंश आहे. पेट्रोल उणे ४० च्या आसपासही तशी वाफ सोडतं, आणि ती हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत सरकत पलीकडच्या ग्राइंडरपर्यंत जाते. त्यामुळे जुन्या टाकीवर कापणी, झाळ किंवा वेल्डिंग करू देऊ नका. नवीच बनवा. पेट्रोल मोकळ्या हवेत, बॅटरी सोडवून, झाकणाच्या डब्यात काढा. ब्रॅकेटचं वेल्डिंग टाकी आणि जुन्या नळ्या गाडीतून निघाल्यावरच. वर्कशॉपमध्ये आग विझवण्याचं नळकांडं दिसत नसेल तर काम तिथे देऊ नका, दर कितीही कमी असो.

नव्या टाकीची गळती तपासताना हवा भरतात. इथेही डोळ्यांत तेल घालून उभे राहा. दाब दोन पीएसआय पुरे. वर दिलेल्या मापाच्या टाकीत तेवढ्या दाबालासुद्धा माथ्याच्या पत्र्यावर जवळपास साडेतीनशे किलोचा जोर येतो. टायरच्या कंप्रेसरची नळी थेट लावली तर टाकी फुगून फाटेल आणि समोरचा माणूस जखमी होईल. सांध्यांवर साबणाचं पाणी, दहा मिनिटं दाब टिकतो का ते पाहायचं, आणि मगच रंग. रंग आधी लावलेली टाकी तपासायला आणली तर ती परत करा, कारण रंग बारीक छिद्र काही दिवस झाकून ठेवतो.

बेरीज अशी: लोखंडी टाकी ८,०००, तोंड आणि हवेच्या वाटा ३,५००, काटा-फ्लोट २,०००, नळ्या २,५००, पट्ट्या, आडव्या पट्ट्या, उष्णतेचा पडदा आणि रंग ३,५००, काढण्या-बसवण्याची दोन-तीन दिवसांची मजुरी ६,०००. एकूण २५,५००. त्यावर १५ टक्के अडीअडचणीला, कारण जुन्या गाडीत गंजलेला बोल्ट तुटतोच आणि सीटखालचा पत्रा उघडल्यावर त्याला ठिगळ लागतंच. स्टेनलेसमध्ये हीच बेरीज ३३,५००, अडचणीचे धरून साडेअडतीस हजार. गाडी स्वतः चालत नसेल तर फ्लॅटबेडने पेडण्याहून म्हापशाला किंवा साखळीहून डिचोलीला नेण्याचे दोन ते साडेतीन हजार निराळे. आर्गन वेल्डिंगचा चांगला हात जवळ मिळाला नाही तर माप पुठ्ठ्यावर कापून बेळगाव किंवा कोल्हापूरहून फक्त टाकी करून आणता येते. गाडी तिकडे नेण्याची गरज नाही, आणि पुठ्ठ्याचा नमुना कागदावरच्या आकड्यांपेक्षा कमी चुकतो.

कागदपत्रांचं काम टाकीच्या आधी. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाहनात मूळ तपशिलाशी विसंगत बदल करायला मनाई करतं, आणि ९ जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाची मूळ रचनाच प्रमाण मानली आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. टाकीची जागा आरसी बुकात लिहिलेली नसते, एवढ्यावर विसंबू नका. बदलाचं साधं रेखाचित्र आणि फोटो जोडून डिचोलीच्या किंवा पेडण्याच्या आरटीओत अर्ज द्या, आणि उत्तर लेखी घ्या. त्याची प्रत विमा कंपनीला द्या, नाहीतर दाव्याच्या वेळी हाच मुद्दा पुढे येतो. मालवाहू म्हणून नोंद असलेल्या आठ वर्षांवरच्या गाडीला दर वर्षी फिटनेस लागतो. काम त्याच्या आधी महिनाभर संपेल असं बघा. वीस वर्षांवरच्या हलक्या वाहनाच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क ऑगस्ट २०२५ पासून १०,००० रुपये झालं आहे. तेही याच वर्षी येणार असेल तर अंदाजपत्रकात धरा.

गाडी पन्नास वर्षांपलीकडची असेल तर थांबून विचार करा. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार अशा खासगी वाहनाला व्हिंटेज नोंदणी मिळू शकते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,०००, मुदत दहा वर्षं. अट ही की वाहन मूळ रूपात हवं, चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार नकोत. तशी नोंदणी घ्यायचा विचार असेल तर टाकी हलवू नका. हलवलीच, तर चेसिसला भोक न पाडता क्लॅम्पने बसवा आणि जुनी टाकी पाण्याने धुऊन, वाळवून, नाव लिहून घरी आणा. ती भंगारात देऊन दोन-तीनशे रुपये मिळतात. तसलीच पुन्हा शोधायला गेलात तर महिने जातील.

काम कधी द्यायचं? पावसाळ्यात नको, रंग नीट वाळत नाही. चतुर्थीनंतर खाण-वाहतुकीचा मोसम उघडण्याच्या तोंडावर डिचोलीतली गॅरेजं टिपरांच्या कामात बुडालेली असतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा बरा काळ. इसार म्हणून एक तृतीयांशपेक्षा जास्त देऊ नका, आणि कोटेशनवर पत्र्याचा प्रकार, जाडी, आतले पडदे, तपासणीचा दाब आणि नळीची जात लिहून घ्या. पक्कं बिल घेतलं तर १८ टक्के जीएसटी पडतो, म्हणजे तीस हजारांचे पस्तीस होतात. मी तरी पक्कं बिलच घेईन, कारण आरटीओत आणि विम्यासाठी तोच कागद लागतो.

गाडी ताब्यात घेताना आधी पाच लिटर पेट्रोल घालून रात्रभर उभी ठेवायला सांगा आणि सकाळी खाली पुठ्ठा पाहा. मग टाकी पूर्ण भरा, चढावर गाडीचं नाक वर करून आणि उतारावर नाक खाली करून पंधरा-पंधरा मिनिटं उभी करा. दोनेकशे किलोमीटरनंतर पट्ट्यांचे बोल्ट पुन्हा आवळून घ्यावे लागतात, रबर दबलेलं असतं. महिन्याभराने फिल्टर बदलायचा, कारण नव्या टाकीतला वेल्डिंगचा कीस आणि जुन्या नळीतला मळ त्यात येऊन बसतो. दोन्हीचे मिळून पाच-सहाशे रुपये, आणि ते कोटेशनमध्येच धरायला सांगा.